फाटकाचा कॅमेरा, दुपारी तीन ते सहा

अनुराधा सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व)
जा. क्र. ४७ / दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. भीमराज इंगळे,
इंगळे इलेक्ट्रॉनिक्स, टागोरनगर, विक्रोळी (पूर्व)

विषय : रेकॉर्डिंग बघण्यासाठी मागितलेली मासिक फी

महोदय,

आमच्या संस्थेने अडीच वर्षांपूर्वी आपल्याकडून आठ कॅमेरे व त्यांचे रेकॉर्डिंग साठवणारा एक डीव्हीआर पूर्ण किंमत मोजून विकत घेतला. पावती आमच्याकडे आहे. १ नोव्हेंबरपासून हा डबा रेकॉर्डिंग करतो, पण दाखवत नाही. पडद्यावर 'सेवा वर्गणी भरा' अशी पाटी येते.

डबा आमचा, त्याला लागणारी वीज आमची, फाटक आमचं आणि फाटकातून येणारी-जाणारी माणसंही आमची. मग कुलूप कंपनीचं कसं? फ्रिज घेतल्यावर दार उघडायचे दरमहा नऊशे रुपये कोणी देतं का? २८ सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ही फी न भरण्याचा ठराव एकमताने मंजूर झालेला आहे, तो आपण तिथे हजर राहून ऐकलाच आहे. तरी कुलूप ताबडतोब काढावे.

आपला,
देवव्रत टिपणीस
मानद सचिव

(खालचं संस्थेचं नाही, माझं आहे.) भीमा, महिना झाला तू फोन उचलत नाहीस. शाळेपासूनची मैत्री एका डब्यापायी मोडणार का? सभेत बोलावं लागतं रे. सचिव आहे मी.

दे.

•

विक्रोळी, ६ नोव्हेंबर

मा. सचिवसाहेब,

तुमचं पत्र मिळालं. सीताराम वॉचमन स्वतः घेऊन आला, चहा पिऊन गेला. त्या बिचाऱ्याला तरी माझ्या दुकानात यायला लाज वाटत नाही.

आता संस्थेचं बाजूला ठेवतो आणि देवा, तुला सरळ लिहितो. सभेत तू बोललास त्याचं काही नाही. पंतनगरच्या शाळेत तू वर्गात सगळ्यांसमोर माझ्या निबंधातल्या चुका वाचून दाखवायचास, तेव्हापासून तुझं तोंड मला पाठ आहे. पण तू 'हा हप्ता आहे' म्हणालास. पासष्ट माणसं हसली. माझा बाप कारखान्यात जन्मभर ऑइलच्या डब्यात हात घालून मेला, मी अँटेना लावायला गच्च्यांवर चढून दुकान उभं केलं. मला चोर म्हण, चालेल. हप्ता घेणारा म्हणू नकोस.

राहिला फीचा मुद्दा. तू फ्रिजचं उदाहरण दिलंस, ते सभेत झकास चाललं. पण फ्रिजमध्ये बाहेरचा माणूस विक्रोळीत बसून डोकावू शकत नाही, डीव्हीआरमध्ये शकतो. तो डोकावू नये म्हणून कंपनीला रोज काहीतरी ठोकत बसावं लागतं. पावसात वायर सडली की माझा माणूस येतो. अडीच वर्षांत अकरा वेळा आला, तू त्याला दर वेळी 'वॉरंटी आहे' म्हणून पैसे न देता परत पाठवलंस. ही झाली कंपनीची बाजू. ती मला पूर्ण पटते असं मी म्हणत नाही. पण कुलपाची किल्ली माझ्याकडे नाही, हे खरं आहे.

आणि फोनचं म्हणशील तर मी केला होता. दिवाळीच्या पाडव्याला, तुमच्या घरच्या फोनवर. वहिनींनी उचलला. मी म्हटलं, "वहिनी, भीमराज बोलतोय." त्या म्हणाल्या, "कोण आपण?" मी परत सांगितलं. परत "कोण आपण?" तिसऱ्यांदा मी फोन ठेवला. तीस वर्षं त्या घरात जेवलोय देवा. वहिनींच्या हातची आमटी मी डोळे मिटून ओळखीन. नवऱ्याचं भांडण बायकोनेही इतकं मनावर घ्यावं? तू घरात माझ्याबद्दल काय सांगितलंस, तेवढं मात्र लेखी नको. समोर येऊन सांग.

भीमराज

•

जा. क्र. ४९ / दि. १३ नोव्हेंबर २०२५

विषय : रेकॉर्डिंगची एक वेळची मागणी

महोदय,

मंगळवार दि. ११ नोव्हेंबर, फाटकाचा कॅमेरा, दुपारी तीन ते सहा. एवढं रेकॉर्डिंग संस्थेस पाहावयाचे आहे. कृपया एकदाच कुलूप काढून द्यावे. मासिक फीबाबत संस्थेची भूमिका बदललेली नाही.

देवव्रत टिपणीस
मानद सचिव

भीमा, 'हप्ता' म्हणायला नको होतं. चुकलं. जयंतीने फोनवर काय केलं ते मला माहीत नव्हतं, तू लिहिलंस तेव्हा कळलं. तिच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, एवढं खरं मान. बाकी काही विचारू नकोस. रेकॉर्डिंग मात्र लवकर दे. घाई आहे.

•

विक्रोळी, १५ नोव्हेंबर

देवा,

'चुकलं' हा शब्द तुझ्या अक्षरात मी पहिल्यांदा पाहिला. कागद दोनदा उलटून बघितला, मागे अट लिहिली आहे का म्हणून.

आता कामाचं. एकदाच उघडणं वगैरे काही नसतं. एका महिन्याची वर्गणी भरायची, सचिवाची सही लागते, आणि समितीचा ठराव. तुझाच ठराव उलटा करावा लागेल. दुसरं म्हणजे तुमच्या डब्यात पंधराच दिवस मावतात. सोळाव्या दिवशी तो पहिल्यावर लिहितो, विचारत नाही. अकरा तारीख सव्वीसला पुसली जाणार. कुलूप असलं काय, नसलं काय.

एक विचारू? कोणाला पकडायचंय? काल सीताराम आला होता. बसला, पण चहाला हात लावेना. म्हणाला, "साहेब रोज विचारतात, तीन वाजता बाहेर कोण गेलं. मी काय सांगू?" त्याचा आवाज कसा झाला होता माहितीये? घशात पाणी अडकल्यासारखा. माणूस काही दडवत असला की असाच बोलतो, पण भीतीने दडवणं वेगळं आणि चोरीने वेगळं. मला दोन्ही ऐकू येतात. एकोणीस वर्षं तुमच्या फाटकावर उभा आहे. त्याच्या नोकरीवर उठला असशील तर रेकॉर्डिंग मिळालं तरी मी देणार नाही, आधीच सांगतो.

भीमराज

•

मुलुंड, १९ नोव्हेंबर

भीमा,

सीतारामचा काही संबंध नाही. शपथेवर सांगतो. उगाच भलतं मनात आणू नकोस.

एका सभासदाच्या घरचा खाजगी प्रश्न आहे. नाव सांगता येत नाही. काल समितीची बैठक बोलावली. म्हटलं, एका महिन्याची वर्गणी भरू, गरज आहे. आमचे खजिनदार कुंडलिक राणे तुला माहीत आहेत. ते चष्मा काढून म्हणाले, "सचिवसाहेब, फ्रिजच्या दाराचं काय झालं?" सगळे हसले. मग म्हणाले, "कारण इतिवृत्तात लिहा, आम्ही सही करतो." कारण लिहायचं म्हणजे ते नोटीस बोर्डावर लागणार. ए विंगपासून सी विंगपर्यंत सगळे वाचणार. मी विषय मागे घेतला.

तेव्हा सोबत माझ्या स्वतःच्या खात्याचा नऊशेचा चेक आहे. संस्थेचा नाही. तू भर आणि मला तेवढे तीन तास दाखव. सात दिवस उरलेत ना? की सहा? सव्वीसला सकाळी पुसलं जातं की रात्री? हे नीट कळव. मला झोप नाही रे. दुपारी तर नाहीच नाही. तीन वाजायला लागले की हातातलं काम सुटतं.

फी अन्यायाची आहे हे माझं मत कायम आहे. माणूस गळ्याशी आला की त्याच्याकडून वसूल करायचं, हाच यांचा धंदा. आता मीच गळ्याशी आलोय, काय करणार.

देवव्रत

•

विक्रोळी, २१ नोव्हेंबर

देवा,

चेक परत पाठवतोय. दोन पिना मारून या पत्राला जोडलाय, हरवू नकोस.

तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी तुझ्या घरी फोन लावला. तू बँकेत गेलेला असणार ही वेळ धरून. वहिनींनी उचलला. या वेळी नाव सांगितलंच नाही. म्हटलं, "वहिनी, काय चाललंय?" त्या छान बोलल्या. म्हणाल्या, "भाजी निवडत्येय, मेथी आणलीय." मग मुलीचं विचारलं, तर म्हणाल्या, "गंधालीची शाळा आहे ना आज." थोडं थांबून परत, "भाजी निवडत्येय, मेथी आणलीय." तोच सूर, तोच दम. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी नऊ मोजल्या. नंतर मीच म्हटलं, "वहिनी, गॅस बंद करा." तेव्हा शिट्टी थांबली.

गंधालीला बंगळुरूला नोकरीला लागून बारा वर्षं झाली, देवा.

पाडव्याला मी रागाने फोन ठेवला होता. माझ्या कानांची मी एवढी फुशारकी मारतो, आणि त्या 'कोण आपण'मध्ये राग नव्हता, भीती होती, हे मला ऐकू आलं नाही. कारण मी माझाच अपमान ऐकत बसलो होतो.

तो सभासद तूच ना?

तू माझ्याशी खरं बोलत नव्हतास, तसा मीही सभेत पूर्ण खरं बोललो नाही, ते आज सांगून टाकतो. मी म्हटलं होतं, नऊशे सगळे कंपनीला जातात. साडेसहाशे जातात. अडीचशे माझे. वायर सडली की माणूस पाठवतो ना, त्याचे. न्याय्यच आहेत ते, पण ते मी लपवले, म्हणजे माझ्याच मनात शंका होती. आणि कुलपाबद्दल विचारशील तर माझंही मत तुझ्यासारखंच आहे. सेवेचे पैसे घ्यावेत. पण माणसाच्या स्वतःच्या फाटकावर काय झालं ते त्याच्यापासून लपवून ठेवू नये. हे मी कंपनीच्या साहेबाला तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, "पॉलिसी आहे, अंकल."

पाच दिवस आहेत. आता मला संस्थेचं पत्र नको. काय झालंय ते लिही.

भीमा

•

मुलुंड, २२ नोव्हेंबर

भीमा,

हो.

गणपतीत पहिल्यांदा लक्षात आलं. पूजेची तयारी चालली होती आणि ती मला म्हणाली, "अहो, आपल्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?" चौतीस वर्षं स्वतःच्या हाताने दीड दिवसाचा गणपती बसवणारी बाई. मला वाटलं थट्टा करतेय. मी हसलो. ती हसली नाही.

मग दुपारचं सुरू झालं. मी जेवून जरा आडवा होतो, किंवा बँकेच्या, महापालिकेच्या कामाला जातो. तीनच्या सुमाराला ती बाहेर पडते. कधी अर्ध्या तासाने येते, कधी तासाने. कुठे गेली होतीस म्हटलं की "भाजीला." पिशवी रिकामी. एकदा मी पाठोपाठ गेलो. जिन्यातच तिने वळून बघितलं. म्हणाली, "पहारा ठेवताय माझ्यावर?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, धड जेवलीही नाही. परत हिंमत झाली नाही.

अकरा तारखेला मी बँकेतून आलो तर घराला कुलूप. वाटलं, येईल. पावणेसहाला आली. साडीला धूळ, उजवा तळवा खरचटलेला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, ओट्याला लागलं." आपल्या ओट्याला कुठे एवढी धूळ असते?

ती पावणेतीन तास कुठे होती? स्टेशनकडे गेली? हायवेकडे? कोणी धक्का दिला? रोज जाते ती कोणत्या बाजूला वळते, एवढं कळलं तरी पुढच्या वेळी कुठे धावायचं ते कळेल. कारण पुढची वेळ येणार आहे, भीमा. आणि त्या वेळी ती परत आली नाही तर? डॉक्टरांकडे चल म्हटलं तर मलाच विचारते, "तुम्हाला काय झालंय?" गंधालीला सांगितलेलं नाही. सोसायटीत सांगितलं तर उद्यापासून लोक तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतील, लहान मुलाशी बोलतात तसं. ते तिला कळेल. तिला अजून सगळं कळतं रे, हेच तर अवघड आहे.

सचिव म्हणून तुला रेकॉर्डिंग बघायची परवानगी देतो. हीच परवानगी समज. मला स्वतःला बघायची भीती वाटते. आधी तू बघ.

देवा

•

विक्रोळी, २४ नोव्हेंबर

देवा,

कुलूप निघालं. पैसे दुकानाच्या नावावर भरलेत आणि ठराव मागून देतो असा कंपनीला शब्द दिलाय, त्याचं नंतर बघू. तुझं पत्र फाइलला लावलेलं नाही, माझ्या खिशात आहे. रेकॉर्डिंग मी एकट्याने बघितलं. शटर अर्धं ओढून. डब्यात होते ते पंधराही दिवस.

आधी घाबरू नकोस. वहिनी कुठेही जात नाहीत.

पंधरातले नऊ दिवस त्या बाहेर पडल्यात. फाटकातून निघतात, रस्ता ओलांडतात आणि समोरच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसतात. तिथून आपल्या सोसायटीकडे बघत राहतात. त्यांना लागलं ते त्या ओट्याला. खोटं बोलल्या नव्हत्या त्या. आठ दिवस अर्ध्या-पाऊण तासात आपणहून उठून आत आल्या. अकराला मात्र उठल्या नाहीत. तीन दहाला गेल्या, चढताना पाय चुकला, हातावर पडल्या, पुन्हा उठून बसल्या. मग दोनदा फाटकापर्यंत आल्या. सोसायटीची पाटी वाचल्यासारखी केली. परत जाऊन बसल्या. पाच पस्तीसला सीताराम गेला आणि हात धरून घेऊन आला.

त्याला मी विचारलं. या वेळी सांगितलं त्याने. तो पहिल्यापासून बघत होता. त्याला वाटायचं, बाई कोणाची तरी वाट बघतात. अकराला जवळ गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "टिपणिसांचं घर कुठलं हो?" त्याने वर आणून सोडलं. दारात त्यांनी त्याच्याकडून शब्द घेतला, साहेबांना सांगायचं नाही. तू रोज विचारायचास आणि तो तो शब्द सांभाळत बसला होता. त्याला रागावू नकोस.

आता एक राहिलंय. हे लिहू की नको म्हणून कालचा अख्खा दिवस घालवला. लिहिलं नाही तर तू कधीतरी स्वतः बघशील, एकटा. त्यापेक्षा मीच सांगतो.

अकराला चार वाजून एकवीस मिनिटांनी तू येतोस. पायी. हातात फाइल. रस्त्याच्या त्याच बाजूने, गिरणीसमोरून. ओट्यापासून दोन हातांवर थांबतोस, खिशातून चष्मा काढून फाइलमधला कागद वाचतोस. मी मोठं करून बघितलं, कागदावर माझ्या दुकानाचा शिक्का आहे. सहा तारखेचं माझं पत्र असणार. तू मान वर करतोस. तुझं तोंड सरळ वहिनींकडे आहे. वहिनी हात उचलतात, अर्धाच. तू रस्ता ओलांडून आत जातोस.

तुझ्या डोक्यात माझ्याशी भांडण चाललं होतं, दुसरं काही नाही. मी त्या ठिकाणी असतो तर मीही तसाच गेलो असतो. पाडव्याला गेलोच की फोनवर.

तीन ते सहाचा तुकडा वेगळा काढून ठेवलाय. मागशील तर देईन. माझं मत विचारशील तर मागू नकोस. वहिनींशी बोल.

भीमा

•

मुलुंड, २७ नोव्हेंबर

भीमा,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर काही केलं नाही. जयंतीने दोनदा विचारलं, बरं नाही का.

काल समितीला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, ही फी मला अजूनही पटत नाही, कंपनीला तसं पत्र लिहिणार आहे, खाली सगळ्यांनी सही करायची. पण तोपर्यंत भरायची, कारण माझ्या घरात गरज आहे. कुंडलिकरावांनी चेकवर सही केली, आणि जाताना म्हणाले, "आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. तेव्हा आम्हीही तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही." तुझे अडीचशे त्यात आहेत, ते तू घ्यायचे. गंधाली शनिवारी येते आहे. घाटकोपरच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली आहे. सीतारामच्या पाया पडावंसं वाटलं, तो पळून गेला.

आज दुपारी तीनला ती निघाली, तेव्हा मी चपला घातल्या आणि म्हटलं, "मीही येतो." या वेळी तिने काही म्हटलं नाही. आम्ही त्या ओट्यावर बसलो. इथे का येतेस म्हणून विचारलं. म्हणाली, "इथून आपली बिल्डिंग पूर्ण दिसते. खिडक्या मोजते मी. आपली कुठली ते आधी ठरवते आणि मग आत जाते. चुकून दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको." रोज स्वतःची परीक्षा घेत होती ती, भीमा. अकराला नापास झाली.

मग मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "त्या दिवशी मी इथून गेलो. तू मला बघितलंस. हाक का नाही मारलीस?"

ती पदराला लागलेली धूळ झटकत राहिली.

"तुम्हाला बघून इतकं बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि गेलात. मला वाटलं, अरे देवा, यांनाही माझ्यासारखंच व्हायला लागलंय. हाक मारली असती तर तुम्ही घाबरला असता. म्हणून गप्प बसले. म्हटलं, आठवलं की येतील न्यायला."

देवा